अफगाण आणि अमेरिकी महिला नेत्यांची भागीदारी: कशी उभी राहिली, कुठे अडली

अफगाण बायकांची बातमी आली की बहुतेकदा एकच चित्र समोर येतं: एका बाजूला निळ्या बुरख्यातली असहाय बाई, दुसऱ्या बाजूला तिला हात देणारी परदेशी संस्था. या चित्रामुळे एक मोठी गोष्ट नजरेआड होते. शाळा, दवाखाने, आश्रयगृहं चालवणाऱ्या बायका अफगाणिस्तानात आधीपासून होत्या. अमेरिकेतल्या बायकांशी त्यांनी संबंध जोडले ते आपलं काम पुढे न्यायला. हे संबंध कधी छान जमले, कधी पार फसले आणि २०२१ नंतर त्यांचं रूपच पालटलं. हा व्यवहार चालतो कसा ते समजून घ्यायचं तर सुरुवात अमेरिकी फौजा तिथे पोहोचण्याच्या आधीपासून करावी लागते.

साकेना याकूबी अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या. सत्तरच्या दशकात त्या शिकायला अमेरिकेत गेल्या, कॅलिफोर्नियात पदवी घेतली, पुढे सार्वजनिक आरोग्य शिकल्या, मग प्राध्यापकी केली. तिकडेच स्थिरावणं सोपं होतं. पण नव्वदच्या दशकात त्या पेशावरच्या निर्वासित छावण्यांत काम करायला आल्या आणि १९९५ मध्ये त्यांनी ‘अफगाण इन्स्टिट्यूट ऑफ लर्निंग’ ही संस्था सुरू केली. तालिबानच्या पहिल्या राजवटीत मुलींच्या शाळा बंद झाल्या, तेव्हा या संस्थेच्या आधाराने ८० छुप्या शाळा लोकांच्या घरांत चालत होत्या आणि त्यांत सुमारे ३,००० मुली शिकत होत्या. शाळा हवी ही मागणी आधी वस्तीने करायची, खोली वस्तीने द्यायची, राखणही वस्तीनेच करायची. संस्था शिक्षिका तयार करायची आणि साहित्य पुरवायची. मिशिगनमधली ‘क्रिएटिंग होप इंटरनॅशनल’ ही संस्था अमेरिकेत देणग्या गोळा करून या कामाच्या पाठीशी उभी राहिली.

माझ्या मते टिकलेल्या प्रत्येक भागीदारीचं गणित इथे सापडतं. काय करायचं ते अफगाण बाई ठरवते, आणि तिच्याजवळ जे नाही ते अमेरिकी बाई मिळवून देते. हा क्रम उलटा झाला तिथे पैसा भरपूर गेला आणि हाती फारसं काही लागलं नाही.

कोण काय आणतं

अमेरिकी बाजू काय आणते? पैसा तर झालाच, पण पैशापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे बाजारपेठ. काबूलमध्ये कपडे शिवणाऱ्या उद्योजिकेला न्यूयॉर्कचा खरेदीदार स्वतःहून सापडणार नाही. दुसरी म्हणजे सत्तेच्या दारापर्यंतची वाट. वॉशिंग्टनमध्ये कुठल्या खासदाराला, कुठल्या समितीला, कधी भेटायचं हे तिथल्या बाईला माहीत असतं.

अफगाण बाजू आणते ती त्या मातीची जाण. कुठल्या गावात मौलवीला आधी विश्वासात घ्यायचं, कुठे घरातल्या सासूला, कुठला रस्ता दुपारनंतर धोक्याचा. ही माहिती कुठल्याही अहवालात मिळत नाही. आणि ती आणखी एक गोष्ट आणते, जिचा हिशेब कागदावर क्वचितच मांडला जातो: जोखीम. प्रकल्प फसला तर अमेरिकी भागीदाराचं अनुदान थांबतं. अफगाण भागीदाराच्या दारात रात्री धमकीची चिठ्ठी येते. ही तफावत ज्यांनी मनापासून मान्य केली, त्यांच्याच भागीदारीवर मला विश्वास वाटतो.

या दोन बाजूंच्या मधे एक तिसरा गट आहे: अमेरिकेत वाढलेल्या अफगाण बायका. रंगीना हमिदी व्हर्जिनियात शिकल्या आणि तालिबानच्या पाडावानंतर कंदाहारला परतल्या. कंदाहारी बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या खामक नावाचं अतिशय नाजूक भरतकाम आहे. बायकांनी घराबाहेर पडणं तिथे मुश्कील, म्हणून हमिदींनी काम घरपोच नेलं आणि ‘कंदाहार ट्रेझर’ हा बायकांचा उद्योग उभा केला. त्यांचे वडीलही अमेरिकेतून परतून कंदाहारचे महापौर झाले होते. २०११ च्या जुलैमध्ये आत्मघाती हल्ल्यात त्यांची हत्या झाली.  २०२० मध्ये हमिदी शिक्षणमंत्री झाल्या आणि काबूल पडेपर्यंत त्या पदावर होत्या.

सरकारी चौकट आणि तिच्या आतबाहेरचं काम

अधिकृत पातळीवर सुरुवात झाली २८ जानेवारी २००२ रोजी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आणि अफगाणिस्तानचे तेव्हाचे हंगामी प्रमुख हमीद करझाई यांनी ‘यूएस-अफगाण विमेन्स कौन्सिल’ स्थापन केली. दोन्ही देशांतल्या मंत्री, उद्योजिका, प्राध्यापिका, सामाजिक कार्यकर्त्या तिच्यात होत्या. स्वतः पैसे वाटत बसण्यापेक्षा माणसं जोडणं आणि खासगी मदत मिळवून देणं हे तिचं काम. पुढे तिचं बिऱ्हाड जॉर्जटाउन विद्यापीठात हललं. बुश यांच्या पत्नी, रिपब्लिकन लॉरा बुश आणि डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन, दोघींनीही तिचं मानद सहअध्यक्षपद सांभाळलं. अमेरिकेच्या राजकारणात असा मेळ सहसा दिसत नाही.

त्याच सुमारास उद्योजिकांसाठी काही चांगले उपक्रम निघाले. ओक्लाहोमातल्या ‘पीस थ्रू बिझनेस’ची पद्धत मला विशेष आवडते. अफगाण उद्योजिका आधी आपल्याच देशात धंद्याचं शिक्षण घ्यायच्या. त्यातल्या निवडक जणी अमेरिकेत जाऊन तिथल्या एखाद्या उद्योजिकेसोबत राहायच्या आणि तिचा धंदा आतून पाहायच्या. सकाळी दुकान कसं उघडतं, उधारी कशी वसूल होते, कामगाराला कसं सांभाळायचं, हे डोळ्यांनी पाहिलेलं वर्गातल्या व्याख्यानापेक्षा जास्त लक्षात राहतं.

पण सगळ्यात शहाणी रचना मला बामियानच्या गालिच्यांची वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. कॉनी डकवर्थ या अमेरिकी बाई वॉल स्ट्रीटवरच्या एका बड्या बँकेत भागीदार होत्या. २००४ मध्ये त्यांनी ‘आरझू’ ही संस्था काढली. अफगाणिस्तानात गालिचे विणणं हे मुख्यतः बायकांचं, घरच्या मागावर चालणारं काम. दिवसचे दिवस पाठ वाकवून एकेक गाठ मारायची आणि पैसे मात्र घरातल्या पुरुषाने दलालाकडून घ्यायचे, तेही तुटपुंजे. घरातल्या लहान मुलीही मागावर बसतात, कारण त्यांची बोटं बारीक. आरझूने विणकर कुटुंबाशी करार केला: चांगल्या कामाला बाजारभावापेक्षा बरेच जास्त पैसे देऊ, पण तीन अटी. घरातली पंधरा वर्षांखालची सगळी मुलं-मुली पूर्णवेळ शाळेत जातील. घरातल्या बायका साक्षरता वर्गाला येतील. आणि कुणी गरोदर असेल तर तिला आणि नंतर तिच्या बाळाला दवाखान्यात न्यायला आडकाठी करायची नाही.

इथे पुरुषाला स्त्री-हक्कांवर कुणी भाषण दिलं नाही. मुलगी शाळेत गेली तरच घरात जास्त पैसा येणार, एवढं त्याच्यापुढे ठेवलं. मग तिला शाळेत पाठवण्यात त्याचाही फायदा झाला. गालिचे विकण्याची जबाबदारी अमेरिकेतल्या बायकांनी उचलली. अफगाणिस्तानात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण तेव्हा जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांमध्ये मोजलं जायचं. ते लक्षात घेतलं की दवाखान्याच्या अटीचं वजन कळतं.

आश्रयगृहांचं काम याहून कितीतरी अवघड होतं. ‘विमेन फॉर अफगाण विमेन’ ही संस्था न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २००१ मध्ये, म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या आधी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत सुनीता विश्वनाथ या भारतीय वंशाच्या कार्यकर्त्या होत्या. मारहाणीतून, बळजबरीच्या लग्नातून पळून आलेल्या मुलींसाठी संस्थेने अफगाणिस्तानात आश्रयगृहं आणि कौटुंबिक सल्ला केंद्रं चालवली. अशा घरांना तिथे वेश्यागृहं म्हणून हिणवलं जायचं. २०११ मध्ये अफगाण सरकारनेच ती ताब्यात घ्यायचं ठरवलं, तेव्हा आधी काबूलमधल्या कार्यकर्त्या उठल्या, बाहेरूनही दबाव आला आणि सरकारला तो बेत बदलावा लागला. भागीदारी उपयोगी पडते म्हणजे काय, ते इथे दिसलं.

मोठा पैसा, छोटं फळ

अमेरिकी सरकारच्या पैशावर देखरेख ठेवणारी ‘सिगार’ नावाची स्वतंत्र यंत्रणा होती. तिच्या हिशेबाप्रमाणे २००२ ते २०२० या काळात खास अफगाण स्त्रिया आणि मुलींसाठीच्या कार्यक्रमांवर अमेरिकेने किमान ७८ कोटी ७४ लाख डॉलर खर्च केले. फायदा झाला यात वाद नाही. मुलींचं शिक्षण जवळपास शून्यावरून वर आलं. २००४ च्या राज्यघटनेने संसदेच्या खालच्या सभागृहात २४९ पैकी ६८ जागा स्त्रियांसाठी राखल्या. हबीबा सराबी २००५ मध्ये बामियानच्या राज्यपाल झाल्या, देशातल्या पहिल्या महिला राज्यपाल.

पण याच काळातलं ‘प्रमोट’ नावाचं प्रकरण पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेने २१ कोटी ६० लाख डॉलरचा हा कार्यक्रम जाहीर केला. ७५,००० तरुण अफगाण स्त्रियांना नेतृत्वासाठी, नोकरी-धंद्यासाठी तयार करायचं होतं. स्त्री-सक्षमीकरणाचा इतिहासातला सर्वांत मोठा कार्यक्रम असं त्याचं वर्णन झालं. २०१८ मध्ये सिगारने तपासणी केली, तेव्हा तीन वर्षांत सुमारे ९ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि त्यातून बायकांच्या आयुष्यात काय बदललं हे यूएसएडला नीट दाखवता आलं नाही. यूएसएडने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला, पण प्रश्न उरलाच.

असं का झालं? पैशाचा प्रवास पाहिला की कळतं. अमेरिकी संसदेने म्हणजे काँग्रेसने मंजूर केलेली रक्कम यूएसएडकडे येते. तिथून अमेरिकी कंत्राटदार कंपनीकडे, तिथून पोटकंत्राटदाराकडे, मग काबूलमधल्या संस्थेकडे, आणि शेवटी प्रशिक्षणाच्या खोलीत बसलेल्या मुलीकडे. प्रत्येक टप्प्यावर पगार, कार्यालय, सुरक्षारक्षक, चिलखती गाड्या यांचा खर्च वजा होत जातो. शिवाय कंत्राटदाराला दर तिमाहीला आकडा दाखवायचा असतो, आणि सर्वांत सोपा आकडा म्हणजे ‘इतक्या जणींना प्रशिक्षण दिलं’. त्या मुलीला पुढे नोकरी मिळाली का, मिळालेली टिकली का, हे मोजायला वर्षं लागतात. त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी रुला घनी यांनी आधीच बजावलं होतं की कंत्राट, पोटकंत्राट आणि कार्यशाळांच्या रगाड्यातून कागदी प्रशस्तिपत्रकांपलीकडे काही निघणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये लॉरा बुश यांनी रेडिओवरून अफगाण बायकांच्या हालअपेष्टा सांगितल्या, तेव्हा बॉम्बफेक सुरू होती. बायकांचं स्वातंत्र्य हे युद्धाचं समर्थन म्हणून वापरलं गेलं, असं अनेक अफगाण स्त्रियांचं म्हणणं होतं आणि आजही आहे. १९७७ पासून काम करणाऱ्या ‘रावा’ या अफगाण स्त्रियांच्या संघटनेने तालिबानला जसा विरोध केला, तसाच अमेरिकी हल्ल्यालाही केला. काबूलमधल्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईला परिषदांची निमंत्रणं मिळाली. हेलमंदच्या खेड्यातल्या बाईच्या वाट्याला हवाई हल्ले आणि रात्रीचे छापे आले. या भागीदारीचा मोठेपणा सांगताना ही बाजू लपवली तर तो अर्धवट इतिहास होईल.

ज्या टेबलावर त्या नव्हत्या

२०१७ मध्ये अमेरिकेने कायदा केला की शांतता वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग वाढवणं हे सरकारचं काम राहील. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहामध्ये अमेरिका आणि तालिबानने करारावर सह्या केल्या. त्या करारात स्त्रियांचा उल्लेख एकदाही नाही. अफगाण सरकारलाही त्या चर्चेत जागा नव्हती. पुढे सप्टेंबरमध्ये अफगाण पक्षांची आपसातली बोलणी सुरू झाली, तेव्हा सरकारच्या २१ जणांच्या चमूत चार स्त्रिया होत्या. त्यांत हबीबा सराबी होत्या आणि माजी खासदार फौझिया कुफीही. कुफी यांच्यावर महिन्याभरापूर्वीच गोळीबार झाला होता आणि हाताला जखम झाली होती. तालिबानच्या बाजूने एकही बाई नव्हती. वीस वर्षं जोपासलेल्या ओळखीपाळखी, परिषदा, पुरस्कार यांतलं काहीच त्या टेबलापर्यंत पोहोचलं नाही, कारण सैन्य कधी न्यायचं हा निर्णय घेणारी माणसं वेगळी होती.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडलं. त्या दिवसांत कुठलं नातं खरं होतं ते दिसलं. न्यायाधीशांचं उदाहरण घ्या. अफगाणिस्तानात तेव्हा सुमारे २५० महिला न्यायाधीश होत्या. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात काम करणाऱ्या दोघींना काबूलमध्ये गोळ्या घातल्या गेल्या होत्या. आता तालिबानने तुरुंगांचे दरवाजे उघडले आणि या बायकांनी ज्यांना शिक्षा सुनावल्या होत्या तेच लोक बाहेर आले. महिला न्यायाधीशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत अफगाण न्यायाधीशांच्या जुन्या ओळखी होत्या, काही जणी अमेरिकेत प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. त्या ओळखीच्या बळावर अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड, पोलंड, स्पेनमधल्या महिला न्यायाधीश फोनला बसल्या. याद्या केल्या, व्हिसा मागितले, विमानात जागा शोधल्या. पुढच्या महिन्यांत बहुतेक अफगाण महिला न्यायाधीश देशाबाहेर पडू शकल्या.

शबाना बसीज-रासिख यांची शाळाही तशीच निघाली. तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्या लहानपणी मुलाचे कपडे घालून छुप्या शाळेत जायच्या. पुढे अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजमध्ये शिकल्या आणि काबूलमध्ये ‘सोला’ ही मुलींची निवासी शाळा उभी केली. काबूल पडताच त्यांनी विद्यार्थिनींच्या नोंदी जाळल्या, म्हणजे कुणाच्या हाती नावं लागली तर मुलींची कुटुंबं अडचणीत येणार नाहीत. मग विद्यार्थिनी, शिक्षक आणि त्यांच्या घरचे मिळून सुमारे २५० जण कतारमार्गे रवांडात पोहोचले. शाळा आजही तिथे चालते.

आता काय उरलंय

२०२१ पासून मुलींचं माध्यमिक शिक्षण बंद आहे, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही बंद. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सुईणी आणि परिचारिका घडवणारे वर्गही थांबले. पुरुष डॉक्टरने बाईला तपासायचं नाही असा दंडक ज्या भागांत आहे, तिथे याचा अर्थ सरळ मृत्यू.

अमेरिकेच्या बाजूनेही दारं मिटत गेली. २०२५ मध्ये यूएसएड बंद झाली. तिच्या पैशावर ओमानमध्ये शिकणाऱ्या ८० हून अधिक अफगाण तरुणींना मायदेशी परतावं लागेल असं सांगण्यात आलं. जूनमध्ये अफगाण नागरिकांच्या अमेरिका प्रवेशावर बंदी आली. जुलैमध्ये तिथे असलेल्या अफगाणांना मायदेशी परत न पाठवण्याचं तात्पुरतं संरक्षणही संपलं. आपल्या पुण्याने वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी पाहिले आहेत. शिकायला बाहेर पडता येणं किती मोठी गोष्ट असते आणि व्हिसा अडला की काय होतं, हे तिथल्या वसतिगृहांना आणि घरमालकांना वेगळं सांगायला नको.

तरी काम थांबलेलं नाही. देशात राहिलेल्या बायका घरांत वर्ग चालवतात, ऑनलाइन शिकवतात. त्यांच्या बाहेरच्या मैत्रिणी आता आधी विचारतात: नाव छापू का, फोटो टाकू का, गावाचा उल्लेख करू का? ‘नको’ असं उत्तर आलं तर तिथेच विषय संपतो. वीस वर्षांपूर्वी देणगीदारांना दाखवायला फोटो लागायचे. आजची ही सवय मला मोठी प्रगती वाटते.

कायद्याच्या मैदानातली लढाई मात्र उघडपणे चालू आहे. ८ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता हैबतुल्ला अखुंदजादा आणि मुख्य न्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर अटक वॉरंट काढलं. स्त्रिया आणि मुलींचा त्या स्त्रिया आहेत म्हणून केलेला छळ हा त्यांच्यावरचा आरोप. अफगाण आणि इराणी स्त्रियांनी २०२३ मध्ये सुरू केलेली मोहीम आणखी पुढचं मागते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीला जग जसं गुन्हा मानू लागलं, तसंच बायकांना सार्वजनिक जीवनातून पुसून टाकणाऱ्या राजवटीलाही मानावं, ही ती मागणी. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर नवा जागतिक करार व्हायचा आहे, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदा २०२८ आणि २०२९ मध्ये ठरल्या आहेत. त्या मसुद्यात हा गुन्हा यावा म्हणून अफगाण कार्यकर्त्या आणि अमेरिकेसह अनेक देशांतल्या कायदेतज्ज्ञ झटत आहेत.

तिसरा मार्ग आहे सीडॉचा, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. अफगाणिस्तानने तो २००३ मध्ये स्वीकारला, त्यामुळे तालिबानच्या ताब्यातला देशही त्याला बांधील आहे. त्याच आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्सने अफगाणिस्तानला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचण्याच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं. अमेरिका या रांगेत उभी राहू शकत नाही, कारण १९८० मध्ये सही करूनही तिने हा करार आजवर मंजूर केलेला नाही. त्यासाठी सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. ती मतं काबूलच्या बाईला मिळवता येणार नाहीत. तेवढं काम तिच्या अमेरिकी मैत्रिणींनाच, आपापल्या राज्यातल्या सिनेटरच्या दारात जाऊन, करावं लागणार आहे.